मामूंचे वाद्य आणि मुमानींचा हक्क

जुनी वस्तू चांगली की नवी, हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी येतो. शिवणयंत्र असो, तांब्याचा बंब असो की आजोबांची सायकल. आमच्या घरात तो एका वाद्याच्या निमित्ताने आला आणि जवळजवळ सहा महिने मुक्काम ठोकून बसला. मरहूम मामूंचा जुना अ‍ॅनालॉग सिंथेसायझर दुरुस्त करून मुलीच्या हातात द्यायचा, की तो विकून तिला आजच्या काळातला नवा घ्यायचा? आम्ही दोघे नवरा-बायको, बारावी झालेली आमची मुलगी आणि मागच्या गल्लीत राहणाऱ्या मुमानी, अशा चौघांनी मिळून हा प्रश्न सोडवला. त्यातून जे समजले ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवावे, म्हणून हे लिहीत आहोत.

संगीताबद्दल आपल्या समाजात एकमत नाही, हे आम्ही जाणतो. त्या चर्चेत इथे शिरत नाही. आम्ही मिरजेचे. एकोणिसाव्या शतकात इथल्या फरीदसाहेबांनी सतार आणि तंबोरे बनवायला सुरुवात केली आणि तो हुन्नर आजही इथल्या मुस्लिम कारागिरांच्या घरांत चालू आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथेच राहिले आणि १९३७ साली इथेच दफन झाले. भोपळे वाळत घातलेल्या गच्च्या पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. तेव्हा घरात वाद्य असणे आम्हांला नवे नव्हते. हे वाद्य मात्र लाकडाचे आणि तारांचे नव्हते.

मामू नात्याने आमच्यापैकी एकाचे, पण निकाहनंतर दोघांचेही झाले. ऐंशीच्या दशकात ते मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवत. त्या काळी असली यंत्रे आपल्याकडे दुकानात सहज मिळत नसत. कोणी परदेशातून येणारा असला तर सांगून ठेवायचे आणि वाट बघायची. मामूंचा सिंथेसायझर १९८५ साली एका नातेवाइकाबरोबर कुवेतहून आला. जपानी बनावटीचा, एका वेळी सहा सूर वाजवणारा. म्हातारपणी मामू मिरजेला परतले तेव्हा तो त्यांच्याबरोबर आला. दोन वर्षांपूर्वी मामूंचे निधन झाले. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यांना मूलबाळ नव्हते. चादरीत गुंडाळलेले ते वाद्य मुमानींनी आमच्याकडे पाठवले, कारण त्यांच्या कौलारू घरात पावसाचे थेंब पडत.

आपल्याकडे पट्ट्या असलेल्या प्रत्येक विजेच्या वाद्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात. त्यामुळे सिंथेसायझर म्हणजे नेमके काय, हे आम्हांलाही मुलीकडूनच शिकावे लागले. तिने चहाच्या गाळणीचा दाखला दिला. यंत्रात आधी विजेची एक लहर तयार होते. ती कच्चा आवाज देते, भरड आणि कर्कश. मग तो आवाज एका गाळणीतून जातो. त्याला फिल्टर म्हणतात. गाळणी घट्ट केली की आवाज मऊ होतो, सैल केली की धारदार. शेवटी तो आवाज किती झटकन उठावा आणि किती हळू विरावा, हे ठरवता येते. अ‍ॅनालॉग यंत्रात ही सारी कामे खऱ्या विजेवर, कंडेन्सर आणि ट्रान्झिस्टर यांच्या जुळणीतून होतात. डिजिटल यंत्रात तीच कामे चिप आकडेमोडीने करते आणि शेवटी त्या आकड्यांचा आवाज बनवते. जुन्या-नव्याच्या साऱ्या वादाचे मूळ एवढ्या फरकात आहे.

विजेच्या सुरांशी आपला परिचय तसा जुना आहे. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटातली बीन आठवा. ती गारुड्याची बीन नव्हती. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर तो आवाज काढला होता. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपला सिंथेसायझर लोकांसमोर आणला. भिंतीसारखे ते अवजड यंत्र १९६९ सालीच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन पोहोचले होते. १९७० साली मूग यांच्या कंपनीने उचलून नेता येईल असा मिनीमूग काढला. तो एका वेळी एकच सूर वाजवी. १९७८ साली आलेला प्रॉफेट-५ पाच सूर वाजवी आणि बनवलेला आवाज लक्षातही ठेवी.

मग १९८३ साल उजाडले आणि एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. यामाहाने डीएक्स-७ हे डिजिटल वाद्य काढले आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये तारेने एकमेकांशी बोलू शकतील अशी ‘मिडी’ नावाची पद्धत सुरू झाली. डीएक्स-७ सुरात पक्का, वजनाने हलका, घंटेसारख्या स्वच्छ आवाजाचा. हळूहळू वादकांनी अ‍ॅनालॉग यंत्रे मिळेल त्या भावाला काढून टाकायला सुरुवात केली. मामूंनी आपले वाद्य घेतले ते याच उतरणीच्या सुरुवातीला. ज्या यंत्रांना आज संग्राहक डोक्यावर घेतात, ती एकेकाळी अडगळ होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याहून बोलके उदाहरण मुंबईचेच आहे. रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे छोटे यंत्र १९८१ साली आले. बेस गिटारची नक्कल करावी म्हणून ते बनवले होते. ती नक्कल काही कोणाला पटली नाही आणि १९८४ साली त्याचे उत्पादन बंद पडले. पण १९८२ साली मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी तेच यंत्र, त्याच कंपनीचा ज्युपिटर-८ आणि टीआर-८०८ हे तालयंत्र घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. त्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती आणि चरणजितजींना तिच्यात मींड दिसली. तबकडी फारशी खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोतल्या मुलांनी जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेले तेच यंत्र वापरून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार जगभर गाजवला आणि टीबी-३०३चे भाव आकाशाला भिडले. २०१० साली चरणजितजींची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा हा माणूस आधीच तिथे जाऊन आला होता हे जगाला कळले. यंत्र तेच होते. बदलले ते बाजाराचे मन. म्हणून वाद्याची आजची किंमत म्हणजे त्याचा गुण, असे समजू नये.

आता आमच्या घरातल्या वाद्याची अवस्था सांगतो. सहा सुरांपैकी दोन मुके झाले होते. हे यंत्र प्रत्येक नव्या पट्टीला आळीपाळीने एकेक सूर वाटून देते. त्यामुळे पंगतीत सहा माणसे बसावीत, पाळीपाळीने प्रत्येकाने एक ओळ म्हणावी आणि त्यांतले दोघे मुके असावेत, तसे व्हायचे. चार पट्ट्या वाजायच्या, दोन गप्प. स्लायडर वर-खाली केले की धुळीने खरखर. आतली बॅटरी बदललेली नसल्याने मामूंनी बनवून ठेवलेले आवाज कधीच पुसले गेले होते. वाद्य जपानच्या १०० व्होल्ट विजेवरचे आणि आपली वीज २३० व्होल्टची, म्हणून वेगळा ट्रान्सफॉर्मर लागायचा. कोणी घाईत ते थेट भिंतीच्या प्लगला लावले असते तर सगळाच खेळ संपला असता.

आम्ही ते पुण्याच्या एका कारागिराला दाखवले. चाळीस वर्षांच्या यंत्राला हे सारे होणारच, असे तो म्हणाला. कंडेन्सर सुकतात, चिपा मरतात, पट्ट्यांखालचे रबर झिजते. त्याने दुरुस्तीचा अंदाज ४०,००० रुपये दिला. शिवाय सुटे भाग परदेशातून मागवावे लागणार. आज दोन सूर गेलेत, पुढच्या वर्षी तिसरा जाऊ शकतो, हेही त्याने सांगितले. त्याचा हा प्रामाणिकपणा आम्हांला फार उपयोगी पडला. जुने अ‍ॅनालॉग वाद्य म्हणजे एकदा पैसे मोजून मोकळे व्हायची गोष्ट नव्हे. ती घरात बांधलेली म्हैस आहे. दूध छान, पण वैरण रोज लागते.

दुसऱ्या बाजूला नव्याचा विचार केला, तेव्हा ‘नवा’ हा एकच प्रकार नसल्याचे कळले. पहिला प्रकार नव्याने बनवलेल्या अ‍ॅनालॉगचा. जुन्या यंत्रांची मागणी पाहून कंपन्यांनी ती पुन्हा काढली आहेत. कॉर्गने १९७८चा एमएस-२० लहान आकारात २०१३ साली आणला, मिनीमूग २०१६ साली पुन्हा बनू लागला, प्रॉफेट-५ २०२० साली परत आला. शिवाय कॉर्गच्या मिनीलॉगसारखी अगदी नवी रचना असलेली चार सुरांची यंत्रेही आहेत. आवाज खऱ्या विजेचा, पण भाग नवे, सूर स्थिर आणि संगणकाला जोडायची सोय. दुसरा प्रकार जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या डिजिटल यंत्राचा. आणि तिसरा प्रकार म्हणजे यंत्रच नाही. संगणकावरचे सॉफ्टवेअर आणि ते वाजवायला पट्ट्यांचा एक छोटा मिडी कीबोर्ड. हा सगळ्यांत स्वस्त.

मुलीला शाळांच्या नाटकांसाठी आणि गोष्टींच्या ध्वनिफितींसाठी पार्श्वसंगीताची लहान-सहान कामे मिळू लागली होती. या कामाला सगळे संगणकावर नोंदवावे लागते. ‘तिसरा सूर जरा मऊ करून पाठव’ असा निरोप रात्री दहाला येतो आणि सकाळी सातला ते हवे असते. अशा वेळी कालचा आवाज आज जसाच्या तसा परत मिळणे ही चैन नसते, गरज असते. तरीही तिचे मन मामूंच्या वाद्यात होते. त्याचा आवाज ‘गरम’ आहे, असे ती म्हणायची. तिचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते. जुन्या यंत्रात भागाभागांत बारीक फरक पडलेला असतो. त्यामुळे एकत्र वाजणारे सूर तंतोतंत एकसारखे नसतात आणि दोन गळे एकत्र गावेत तशी एक भर त्याला येते.

म्हणून एका रविवारी आम्ही परीक्षा घेतली. मुलीने दुसऱ्या खोलीत बसून एकच धून कधी मामूंच्या वाद्यावर, कधी लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरने, एकाच स्पीकरमधून वाजवायची. जुन्यावर मुक्या सुरांना वगळून, एकेक पट्टी दाबून. दार बंद. आम्ही बाहेर बसून ओळखायचे. दहा वेळा वाजवले. आमचे पाच बरोबर आले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. मुमानींनी मात्र दहाच्या दहा अचूक ओळखले. आम्ही थक्क झालो. मुलगी आनंदाने बाहेर धावत आली, “बघा, नानींना फरक कळतो!”

मुमानी हसल्या. “सूर मला कधीच कळले नाहीत, बेटा. मी त्या पट्ट्यांची खटखट ओळखते. चाळीत शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून रात्री ते कानाला हेडफोन लावून बसायचे. मला वीस वर्षं तेवढी खटखटच ऐकू आली.”

थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्या सहज बोलावे तशा म्हणाल्या, “माझ्या बांगड्या गेल्या त्यात.”

त्या दिवशी आम्हांला पहिल्यांदा कळले. १९८५ साली कुवेतला पाठवायला पैसे कमी पडले, तेव्हा मामूंनी मुमानींच्या चार तोळ्यांच्या बांगड्या मोडल्या होत्या. त्या बांगड्या मेहरच्या होत्या. “खुशीने दिल्या होत्या का?” असे आम्ही विचारले. “उसन्या दिल्या होत्या,” मुमानी म्हणाल्या. “दोन वर्षांत करून देतो म्हणाले. करायचे मनात होते त्यांच्या. मग ऑर्केस्ट्रे कमी झाले, आजारपण आले. मी पुन्हा कधी विषय काढला नाही.”

ए. आर. रहमान यांनी मुलाखतींत सांगितले आहे की, स्टुडिओसाठी यंत्रे घ्यायला पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या आईने आपले दागिने दिले. ती गोष्ट आपण कौतुकाने ऐकतो, कारण पुढे त्या मुलाचे नाव जगभर झाले. पण ज्यांचे नाव झाले नाही अशा घरांतही दागिने गेले आहेत. तिथे ती गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही.

आमच्या हिशेबाचा पायाच इथे बदलला. तोवर आम्ही असे धरून चाललो होतो की, जुने विकले तर त्या पैशातून नवे येईल. पण मेहर ही बाईची स्वतःची मालमत्ता. ती उसनी घेतली तर नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज राहते. सूरह निसामध्ये वारशाची वाटणी सांगताना ती कर्ज आणि वसीयत यांच्यानंतरच असल्याचे स्पष्ट केले आहे. आम्ही मोहल्ल्यातल्या एका जाणत्या आलिमांना विचारले. त्यांनीही तेच सांगितले. मामूंचे वारस म्हणजे मुमानींखेरीज अम्मी आणि कुर्ल्याचे धाकटे मामू. दोघांनाही फोन केला. धाकटे मामू एवढेच म्हणाले, “भाईजानचे कर्ज आधी उतरू दे.”

म्हणजे वाद्य आमचे नव्हते. दुरुस्त करायचे, विकायचे की ठेवायचे, यात पहिला शब्द मुमानींचा होता. त्यांनी विकायला सांगितले.

दोन ग्राहक होते. पुण्याचा एक तरुण वादक आहे त्या स्थितीत ८५,००० रुपये देत होता. तो स्वतः दुरुस्ती जाणत होता आणि रोज वाजवणार होता. मुंबईचा एक संग्राहक १,१०,००० द्यायला तयार होता. त्याच्याकडे अशी बरीच यंत्रे मांडून ठेवलेली आहेत. मुलीचा जीव पुण्याच्या मुलाकडे ओढत होता. खरे सांगायचे तर आमचाही. पण आमच्या भावनेचे २५,००० रुपये मुमानींनी का भरावेत? आम्ही दोन्ही आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी क्षणभरही घोळवले नाही. “जास्त देईल त्याला द्या. ज्याला वाजवायचे होते त्याने वाजवून घेतले.”

वाद्य जाण्याआधी आठवडाभर मुलगी रात्री जागली. चालू असलेल्या चार सुरांवर तिने प्रत्येक पट्टीचा आवाज, गाळणी उघडी, अर्धी आणि बंद ठेवून, संगणकावर नोंदवून घेतला. स्लायडर हाताने सरकवताना आवाज कसा बदलतो ते ती वहीत लिहीत होती. सॉफ्टवेअरमध्ये माउसने तेच करता येते, पण हात शिकत नाहीत, असे तिचे मत झाले आहे आणि ते आम्हांला पटते. ज्याला आवाज घडवायला शिकायचे आहे त्याने निदान काही दिवस तरी खऱ्या स्लायडरच्या यंत्रावर घालवावेत. ते जुने असो वा नवे. वाद्य गेले त्या दिवशी ती नीट जेवली नाही, हेही लिहायला हवे.

मुमानींना सगळे पैसे मिळाले. १९८५ साली सोने तोळ्याला दोन हजारांच्या आसपास होते. आजच्या भावात त्या रकमेत घडणावळ धरून एक तोळाही पुरा बसेना. चार तोळे गेले आणि चाळीस वर्षांनी एकसुद्धा परत आला नाही. जुने सिंथेसायझर ही मोठी गुंतवणूक आहे असे जे म्हणतात, त्यांनी हा हिशेब एकदा पाहावा. मुमानींनी उरलेले माफ केल्याचे अम्मीसमोर सांगितले. सोने काही त्यांनी घेतले नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेतले आणि पावसाळ्याआधी घराची कौले बदलून घेतली.

मुलीसाठी आम्ही आमच्या बचतीतून २०,००० रुपये काढले. त्यात पट्ट्यांचा एक साधा मिडी कीबोर्ड, एक सॉफ्टवेअर आणि बरे हेडफोन बसले. नव्या अ‍ॅनालॉगला साठेक हजार लागत होते. तेवढे आमच्याकडे नव्हते.

आता कोणाच्या घरी असाच प्रश्न आला, तर आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वाद्य कशासाठी हवे ते आधी ठरवा. कामासाठी हवे असेल तर नवे घ्या, छंदासाठी आणि शिकण्यासाठी हवे असेल तर जुन्याचा विचार करायला हरकत नाही. जुने घ्यायचे असेल तर आधी दुरुस्ती करणारा माणूस शोधा, मग वाद्य. विकत घेताना प्रत्येक पट्टी सहा-आठ वेळा दाबून बघा, निदान अर्धा तास चालू ठेवा म्हणजे तापल्यावर सूर हलतो का ते कळेल, आणि ते किती व्होल्टचे आहे हे मागच्या बाजूला वाचा. ‘जुन्याची सर नव्याला नाही’ हे वाक्य दार बंद करून, डोळ्यांआड वाजवून तपासून बघा. आणि वस्तू घरातलीच असेल, तर ती कोणाच्या पैशातून आली होती हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा बसून विचारा. हे विचारायला बहुतेक घरांत कोणाला सुचतच नाही.

मुलीची कामे चालू आहेत. मागच्या महिन्यात एका शाळेच्या नाटकात पावसाच्या प्रसंगाला तिने मामूंच्या वाद्यातून नोंदवलेलाच एक सूर वापरला. मिळालेल्या पैशातून थोडे थोडे ती बाजूला टाकते. चार सुरांचा नवा अ‍ॅनालॉग घ्यायचा म्हणते. बहुधा पुढच्या ईदपर्यंत जमतील. पैसे तिचे आहेत, निवडही तीच करील, आणि पावतीवर नावही तिचेच राहील.